बहिरी खोली

"यंत्राला ऐकू आलं तर घर ठेवायचं, नाहीतर बिल्डरच्या कागदावर सही. ठरलंय ना, मम्मा?" लुईसने पुन्हा विचारलं. पेट्रिशियाने मान हलवली.

मरोळ गावठाणातल्या याच खोलीत तिचा नवरा रसेल वर्षापूर्वी गेला. पलंगावर त्याचा श्वास अजून ऐकू येतो, असं ती सांगे.

"जिता होता तेव्हा घोरून गल्ली जागवायचा," ती आवाज मोजायला आलेल्या नितेशला म्हणाली. "आता अगदी हळू घेतो रे पोरा. जमेल तुझ्या यंत्राला?"

"आंटी, हे डाससुद्धा सोडत नाही," नितेश ऐटीत म्हणाला.

त्याने ध्वनिमापक स्टँडवर चढवला. पंखा, फ्रिज बंद केले, घड्याळाचा सेल काढला. नेहमीप्रमाणे आधी डमी माइक बसवला. हा ठार बहिरा. त्यावरून फक्त यंत्राची स्वतःची घरघर कळते. ती भरली पंधरा डेसिबल. ती वजा धरायची आणि मग खरा माइक लावायचा.

तेवढ्यात पेट्रिशियाने रसेलचा फोटो त्याच्या हातात दिला. तिची बोटं गार होती. तिच्याशी बोलता बोलता सगळे ओट्यावर आले, दार लोटलं. नितेश लॅपटॉप घेऊन बसला.

तासभर आकडा पंधरावरून हलला नाही. इतकी शांत खोली त्याने पाहिली नव्हती. जुन्या घराच्या भिंती जाड, तो मनात म्हणाला.

"आंटी, काहीच नाही."

ती आत गेली, रसेलची उशी छातीशी धरून हंबरडा फोडून रडली. मग बाहेर येऊन निमूट सही केली.

आठवड्याने ऑफिसात नितेश अहवाल लिहायला बसला. रेकॉर्डिंग तिच्या रडण्यापर्यंत चालू राहिलं होतं. त्याने तो भाग पाहिला. रेघ सपाट. पंधरा. पावलं नाहीत, हुंदका नाही.

 त्याला तिची गार बोटं आठवली. त्याने लुईसला फोन लावला.

"तुझी मम्मा... आहे ना रे?"

"म्हणजे काय? ही इथेच आहे, उशी घेऊन. आज घर पाडलं ना, सकाळपासून जेवली नाही. का रे?"

यंत्र बिघडलंय का ते तपासायला, कॅलिब्रेटरसाठी, नितेशने यंत्राची पेटी पुढ्यात ओढून उघडली होती. खरा माइक आपल्या खाचेत जसाच्या तसा पडला होता.