खालची खोली

ग्रीसमधल्या एका इवल्याशा बेटावरच्या गेस्ट हाऊसचं पान ती आठवडाभर मोबाइलवर उघडत होती, मिटत होती. आज एकदाचा तिने खोट्या नावाने मालकाला मेसेज टाकला. "पायऱ्या किती? खोलीत ओल येते का? तुम्ही वेळेवर जेवता ना?"

नवऱ्याने कपाळावर हात मारला. "अगं, खोली बघणारं माणूस असं विचारतं का?"

"मग पुसा ना ते शेवटचं!"

पण मेसेज गेला होता. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. उठली, बसली, पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

मोबाइल वाजला.

"पायऱ्या चाळीस आहेत. तुझ्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत, आई. खालची खोली तीन वर्षं कुणाला दिलेली नाही."