घोळका

"हल्ला!" दिग्दर्शक ओरडला. पडद्यावरचे संगणकी सैनिक झेंडा घेऊन धावायचं सोडून पांगले आणि पोटावर सरपटू लागले.

"यांना धावायला लाव, मृणाल, नाहीतर पुसून टाक!"

हे सैनिक घडवणाऱ्या मृणालने कळफलकावरून हात मागे घेतला. तिने वडिलांच्या, सुभेदार शिर्क्यांच्या, लढाईच्या आठवणी संगणकात भरून सैनिकांना समज दिली होती. बाबा गेले, आता ते या सैनिकांपुरतेच उरले होते. युद्धपट बघताना बाबा चिडायचे, "मोकळ्या मैदानात घोळका करून पळतायत लेकाचे! मरायचंय का?"

तेवढ्यात सगळ्यांत पुढच्या सैनिकाने मान वळवली आणि थेट या दोघांकडे बघत, 'खाली व्हा' अशी खूण करत पंजा जमिनीकडे दाबला.

मृणाल खुर्चीतच खाली वाकली. शेजारी पाहिलं, तर दिग्दर्शकही श्वास रोखून टेबलामागे वाकला होता.

"चालू ठेव," तो कुजबुजला.