अन्नुश्काची सासू

विमानाचं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. धावपट्टीवर जमलेलं गाव हळहळलं. आकुलिनाचा जीव मात्र हरखला, आणि हरखल्याची तिला लाजही वाटली.

चार हिवाळे तिचा मुलगा न्युर्गुन दर पंधरवड्याला हे दुपंखी विमान घेऊन गावात उतरत होता. टपाल टाकायचं, माणसं घ्यायची, दहा मिनिटांत पसार. उणे सेहेचाळीस अंशांच्या थंडीत इंजिन बंद करायची सोय नसते. गार पडलं की सुरू होता होत नाही. त्यामुळे घर हाकेच्या अंतरावर असून त्याने उंबरठा ओलांडला नव्हता. वैमानिक लाडाने या विमानाला अन्नुश्का म्हणतात, बाईचं नाव. गावातल्या बायका म्हणायच्या, “आकुलिना, तुझी सून भारी कजाग गं! नवऱ्याला आईकडे फिरकू देत नाही.” ती हसायची, आणि घरी येऊन रडायची.

धावपट्टी सांभाळणाऱ्या सेम्योनने इंजिनावर ताडपत्री टाकली, खालून गरम हवेचा पाइप सोडला. “दोन तास तरी लागतील. जा, घरी जेवून ये.”

न्युर्गुन आला. विमानातली एकमेव प्रवासी, तुयारा नावाची मुलगी, तीही शेकायला आली. आकुलिनाने घोड्याच्या शिंगराच्या मांसाचा रस्सा चुलीवर चढवला. वाढून वळते तो लेक आपल्या जुन्या पलंगावर बुटांसकट गाढ झोपलेला. ती नुसती बघत बसली. कानाजवळचे केस पिकले होते. हे तिला ठाऊकच नव्हतं.

बऱ्याच वेळाने सेम्योन दारात आला. हळूच म्हणाला, “इंजिन तापलंय, मावशी. पण झोपू दे त्याला. अर्ध्या तासात अंधार पडेल, पट्टीवर दिवे नाहीत. मग उद्यापर्यंत तुझाच. मी नाही कुणाला बोलणार.”

आकुलिनाने मान डोलावली. तो गेला. रस्सा निवत होता. तिने वाडगा तुयारापुढे सरकवला. “तू तरी खा, पोरी.”

“नको आजी. दोन वर्षांनी घरी चाललेय. आईच्या हातचंच खाईन.”

आकुलिना उठली. मुलाच्या केसांवरून एकदाच हात फिरवला. मग खांद्याला धरून त्याला गदागदा हलवलं.

“ऊठ रे! पुढच्या गावात हिची आई थंडीत उभी असेल.”