कुलपातला रेडिओ

बरोबर दहा वाजता भिंतीपलीकडचा रेडिओ उठला आणि इकडे देवाजीही उठला. उठायची वेळ रेडिओची होती, देवाजीची नव्हती. त्याचा डोळा लागून जेमतेम दीड तास झाला होता.

"लागला हा मेला," तो उशी आपटत म्हणाला. "घराले कुलूप, अन् आत रेडिओ गाऊन राहिला."

देवाजी कापडमिलमध्ये मागावर होता आणि सहा महिन्यांपासून सलग रात्रपाळी करत होता. सकाळी साडेसातला घरी यायचं, चार घास खायचे आणि साडेआठला आडवं व्हायचं. तीन वाजेपर्यंत झोप मिळाली तर माणूस रात्री माणसासारखा उभा राहील ना! पण शेजारच्या भीमाबाईला ते पटेल तेव्हा. भीमाबाई दवाखान्यात आया. नवरा नाही, मूलबाळ नाही. नऊ वाजता दाराला कुलूप ठोकून ती कामावर जायची आणि दहाला तिच्या रिकाम्या घरात रेडिओ आपोआप सुरू व्हायचा. साडेबाराला आपोआप झोपायचा. कामठीला तिचा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं रेडिओला गजराची दोन घड्याळं जोडून दिली होती. एक उठवायला, एक झोपवायला. सगळी चाळ ते नवल पाहून आली होती. देवाजीनं मात्र त्या भावाच्या नावानं बोटं मोडली.

"तुळसा! कुठं गेली वं?"

थोड्या वेळानं तुळसाबाई मागच्या दारातून पदराला हात पुसत आत आली. चाळीतल्या सगळ्या घरांची मागची दारं एकाच अंगणात उघडत. "मागं तांदूळ निवडून राहिली होती," ती म्हणाली.

"तुले हा भोंगा ऐकू नाही येत?"

"येते ना. माझे बी कान किटले."

"मग जाऊन बोलत काहून नाही?"

"बोलली मी दोनदा. चोरासाठी लावते म्हणे. तुम्ही कानात कापूस घाला."

"रातभर कापसातच राहतो मी. आता कानात बी कापूस भरू?"

तुळसाबाईनं मान खाली घातली आणि पुन्हा मागच्या अंगणात गेली. देवाजीला तिचाही राग आला. सगळ्यांचाच आला. मागच्या आठवड्यात त्याला मागावर उभ्या उभ्या डुलकी लागली होती. मशीन चालतच राहिली आणि ताण्याचे शंभरेक धागे तुटले. खात्याच्या मुकादमानं, जॉबरनं, सगळ्यांसमोर सांगितलं, "देवाजी, आणखी एकदा डोळा लागला तर घरी जाऊन झोपजो, कायमचा." तेवीस वर्षं झाली होती नोकरीला. एवढी वर्षं इमानानं काम करून शेवटी एका रेडिओपायी घरी बसायचं? ह्याला काय न्याय म्हणायचा?

त्याच्या स्वतःच्या घरात त्याच्या झोपेपायी कोणी खलबत्ता वाजवत नव्हतं. पोरगी सिंधू तर पाय न वाजवता चालायची. मॅट्रिक झाल्यावर तिनं नोकरीचं काढलं होतं, पण देवाजीनं एका शब्दात विषय मिटवला होता. ऑफिसात चार माणसांत जाऊन बसायचं काही कारण नाही. सावनेरचं एक स्थळ त्याच्या मनात होतं. तोवर सिंधू दहा वाजता शिवणाच्या क्लासला जायची आणि जेवायच्या वेळेला परत यायची. पोरगी ऐकण्यातली होती. ऐकत नव्हती ती फक्त भीमाबाई.

रविवारी तो गणपतराव मास्तरांना घेऊन तिच्याकडे गेला. मास्तर रिटायर झाले होते, पण चाळ त्यांचा शब्द मानायची. तुळसाबाईही मागून येऊन दाराशी उभी राहिली.

"बाई, तुमचा रेडिओ माझी नोकरी खाईन," देवाजी म्हणाला.

"देवाजीभाऊ, मी एकटी बाई. चोराले वाटलं पाहिजे का घरात माणूस आहे."

"अन् चोर बरोबर दहाले काहून येते? साडेबाराले जेवाले जाते का तो?"

मास्तर हसले. भीमाबाई हसली नाही.

"निदान आवाज तरी कमी करा, बाई," मास्तर म्हणाले.

"कमी केल्यावर तो कोणत्या कामाचा, मास्तर?"

"मग वेळ बदला," देवाजी म्हणाला.

भीमाबाईनं एकदा दाराकडे पाहिलं. "दिवाळीपर्यंत सोसा भाऊ. मग मीच बंद करते."

"दिवाळीले चोर रिटायर होते काय?"

मास्तरांनी दोघांनाही समजुतीनं घ्यायला सांगितलं आणि चहा पिऊन घरी गेले. समजुतीनं! देवाजीनं रात्रभर मागासमोर उभं राहून तो शब्द चावला. डोळ्यांवर तीनदा पाणी मारलं. चौथ्यांदा जॉबर मागं येऊन उभा होता. एकदा नीट पाहून गेला.

सोमवारी सकाळी देवाजी अंथरुणावर पडला तो झोपायचा विचार सोडूनच. चाळीच्या आठही घरांचे फ्यूज ओसरीतल्या एकाच फळीवर होते आणि ती फळी भीमाबाईच्या दाराशेजारीच होती. दुसऱ्याच्या फ्यूजला हात लावणं बरं नाही, हे त्यालाही कळत होतं. पण त्याची झोप मोडताना कोणी असा विचार केला होता का?

दहा वाजले. रेडिओ उठला. देवाजी अनवाणी बाहेर आला. ओसरीवर चिटपाखरू नव्हतं. भीमाबाईचं कुलूप त्यानं हलवून पाहिलं, पक्कं होतं. मग हात वर करून त्यानं तिचा फ्यूज उपसला.

गाणं मधेच तुटलं. हायसं वाटून तो वळणार, तोच कुलपाच्या आतून आवाज आला. टक टक टक टक. टिंग. पुन्हा टक टक टक. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. मिलच्या ऑफिसात कारकून टाइपरायटरवर बसले की पगाराच्या खिडकीपर्यंत तो ऐकू यायचा.

मग टकटकही थांबली. आतून तुळसाबाई हळूच म्हणाली, "थांब वं सिंधू. लाइन गेली. तुह्या बापाले ऐकू जाईन."