कागदाची दाढ

"हा तुमचा मुलगा नव्हे," असे म्हणून डॉ. गणपतराव नेजकरांनी तो खालचा जबडा पुन्हा पांढऱ्या कापडावर ठेवला.

बायडाबाईंनी तोंडावरचा पदर दूर केला नाही. कबनूरहून आल्यापासून त्यांनी टेबलाकडे एकदाही पाहिले नव्हते. त्यांचा अतुल, मागावर काम करणारा बावीस वर्षांचा मुलगा, गेल्या पावसाळ्यात घरातून गेला तो परतलाच नव्हता. आणि आता, १९९५च्या मार्चमध्ये, कुरुंदवाडजवळ नदीच्या गाळात एक सांगाडा सापडला होता.

"मी सांगतच हुते फौजदारास्नी," पदराआडून त्या म्हणाल्या. "अतुल नदीकडं फिरकायचाबी न्हाय. त्येला पवायला येत न्हाय."

हा पुरावा नव्हे, असे डॉक्टरांनी फौजदारांना समजावले. पुरावा त्यांच्या हातात होता. दोन वर्षांपूर्वी अतुलने राजारामपुरीतल्या याच दवाखान्यात दाढेत चांदी भरून घेतली होती. त्याच्या कार्डावर दातांचे छापील चित्र होते आणि त्यात खालच्या उजव्या दाढेवर लाल खूण होती. जबड्यातली चांदी मात्र डाव्या दाढेत होती. उजवी दाढ अखंड होती. माणूस मेल्यावर मांस जाते, चेहरा जातो. दाढ कूस बदलत नाही.

अतुलचा म्होरला एक दात, असे काहीतरी बायडाबाई सांगू लागल्या. डॉक्टरांनी हात वर केला. नातलगांच्या आठवणी शास्त्रात बसत नाहीत; आईला हव्या त्या दातात मूल दिसते, नको असेल तिथे दिसत नाही. त्यांनी अहवालावर सही केली. हाडे बेवारस ठरून पुरली गेली. जबडा रीतसर परवानगीने डॉक्टरांकडे राहिला, शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी.

महिन्याभराने बायडाबाई परत आल्या आणि झाडलोटीचे काम मागू लागल्या. कबनूरहून रोज एवढ्या लांब कशाला, असे डॉक्टरांनी विचारले.

"चांदी कवातरी निघंलच की," त्या म्हणाल्या. "मग त्यो हितंच यील."

पहिले वर्षभर दार वाजले की त्या वळून पाहत. मग एके दिवशी पहिल्यांदाच फडताळ आवरताना, पुढचे दात पुसता पुसता, तो जबडा त्यांच्या हातून निसटता निसटता राहिला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तुटला असता तरी मी रागावलो नसतो, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले. त्यानंतर त्यांनी दाराकडे पाहणे सोडले. काळासारखे औषध नाही, असे डॉक्टर विद्यार्थ्यांना सांगत.

बायडाबाईंच्या स्वच्छतेचेही ते कौतुक करत. इतर वस्तू फडक्याने पुसल्या जात; जबडा मात्र रोज सकाळी धुतला जाई, थंडीत तर कोमट पाण्याने. मावशी, ह्याला न्याहारीही घालता का, असे एका विद्यार्थ्याने विचारले होते.

"खाईत न्हाय," बायडाबाई म्हणाल्या, "न्हायतर घातली असती की."

सगळे हसले होते.

दहा वर्षे गेली. जुलैतल्या एका सकाळी हातकणंगल्याच्या तानाबाई गाल धरून आल्या. त्यांच्या दाढेत डॉक्टरांनीच पूर्वी चांदी भरली होती. कार्ड पाहून डॉक्टर उजवी बाजू ठोकून पाहू लागले.

"दुखतीया डावी," तानाबाई म्हणाल्या. "चांदीबी डावीतच हाय."

कार्डावर तर उजवी आहे, असे डॉक्टर म्हणाले.

"मग कागदाचीच दाढ काढा की."

तानाबाईंची चांदी खरोखरच डावीकडे होती. कार्ड १९९३चे, शालूबाईंच्या हातचे. त्या तेव्हा मदतनीस म्हणून नव्यानेच लागल्या होत्या. रोग्यासमोर उभे राहून त्या कार्डावर खुणा करत, आणि समोरच्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगायचे डॉक्टरांनी होते. त्यांनी त्याच महिन्यातली आणखी कार्डे काढली आणि फुकट तपासणीच्या निमित्ताने चार रोग्यांना बोलावून घेतले. चौघांच्याही खुणा उलट्या होत्या.

अतुलचे कार्ड त्याच महिन्यातले होते.

डॉक्टरांनी ते कार्ड वेगळे काढले. या दहा वर्षांत सतरा खटल्यांत त्यांची साक्ष ग्राह्य धरली गेली होती. पण विचार त्यांनी बायडाबाईंचाच केला. ही बाई आशेवर जगते. आशा काढून घेणे म्हणजे तिचा जीव घेणे. सत्य जर कोणाच्याच उपयोगाचे नसेल, तर ते सांगणे ही केवळ क्रूरता होय. युक्तिवाद निर्दोष होता. त्यात स्वतःच्या लौकिकाचा उल्लेख करण्याची गरजही पडली नाही.

कार्ड त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर जाळले. जबडा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दुपारी, बायडाबाई एस.टी.ला गेल्यावर, पंचगंगेच्या पुलावर नेला. नदी पात्राबाहेर पडू पाहत होती. तिने दिले होते ते त्यांनी तिलाच परत केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोमट पाण्याची वाटी घेऊन बायडाबाई फडताळापुढे उभ्या होत्या.

"डाक्टर, हितला कुटं गेला?"

"फार जुना झाला होता," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "पुण्याहून प्लॅस्टिकचा मागवला आहे. तो काल पंचगंगेत सोडला. बेवारस होता बिचारा."

बायडाबाईंनी वाटी खाली ठेवली. पाणी सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी, सावकाश.

"पुरात?" त्या म्हणाल्या. "अतुलला पवायला येत न्हाय, डाक्टर."