खिडकीची जागा

खिडकीजवळची जागा रिकामी झाली आणि शिवणखोलीत कुणाचंच कामात लक्ष लागेना. खोलीला खिडकी ती एकच. बाकी सगळा कारभार ट्यूबलाइटवर.

गरज होती काजवालीला. काळ्या कोटांवर काळ्या धाग्यानं काजं करून तिचे डोळे अधू झाले होते. वाकड्या काजांमुळे कोट परत आले होते, आणि पुन्हा आले तर कामावरून काढीन, असं मास्तरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. तरी जागा मागायला तिची जीभ रेटेना.

"तिलाच द्या की," कॉलरवाली म्हणाली. "बिचारीला दिसत नाही धड."

काजवालीनं मान वर केली नाही. "कीव करून नको मला काही."

"मग चिठ्ठ्या टाका," नवी म्हणाली. तिच्या घरी टीव्हीच्या रिमोटसाठीसुद्धा चिठ्ठ्या पडत. "कुणी कुणाला बोल लावायला नको."

आत्यानं मशीन थांबवलं. नात्यानं ती कुणाचीच आत्या नव्हती, पण खोलीत सगळ्यांत जुनी तीच. "चिठ्ठ्या कसल्या टाकताय? मी थोरली. जागा माझी."

"तुम्हाला उजेड काय करायचाय?" नवी म्हणाली. "तुम्ही डोळे मिटूनही सरळ शिवता."

"उजेडाचं कोण बोलतंय? मी मानाचं बोलतेय."

मास्तरांना कटकट नको होती. "आत्यांचं बरोबर आहे," म्हणून त्यांनी विषय संपवला. कॉलरवालीनं नाक मुरडलं. नवी तर धुमसतच होती, आणि राग येण्यासारखंच होतं ते. काजवाली सुईत धागा ओवत होती. तो काही केल्या जाईना.

आत्या उठली, खिडकीजवळच्या खुर्चीत ऐसपैस बसली. सगळ्यांनी बघितलं याची खात्री झाल्यावर तिनं हाक मारली.

"ए पोरी, सामान घेऊन ये तुझं. इथं बस."

"आत्या, नको, मी..."

"मी सांगतेय ना."

थोरल्यांचा शब्द मोडायची काजवालीला सवय नव्हती. कोटांचा गठ्ठा उचलून ती निमूट आली. आत्यानं रिकाम्या केलेल्या खुर्चीत बसली, पहिल्याच खेपेला सुई ओवली, आणि मग बराच वेळ तिनं तोंड खिडकीकडेच ठेवलं.

"तिलाच द्यायची होती, तर एवढा तमाशा कशाला?" नवी आत्याला म्हणाली. "आधीच देऊन टाकायची."

आत्या आपल्या जुन्या मशीनवर परत बसली होती.

"आधी ती माझी कुठं होती?"