शनीचं कडं

"परत तेच! उतू गेलेल्या दुधासारखा दिसतोय लेकाचा!" सुधीरनं दुर्बिणीवरून डोळा काढला आणि गच्चीच्या कठड्यावर मूठ आपटली.

"अरे, लेकाचा म्हणू नये त्यांना," मालनबाई म्हणाल्या. गुडघे धरल्यापासून त्यांचं देवळात जाणं सुटलं होतं. गच्चीचा जिना तेवढा मुलासाठी कसाबसा चढायच्या.

शाळेच्या पुस्तकात शनीचं कडं पाहिलं, तेव्हापासून सुधीरला त्याचा स्वच्छ फोटो स्वतः काढायचा होता. आता कुठे परदेशी दुर्बिणी मिळू लागल्या होत्या. पण नोकरीही तसलीच, अमेरिकेच्या घड्याळावर चालणारी. सगळ्या रात्री कंपनीच्या. शनिवार तेवढा त्याचा, आणि दर शनिवारी शनी हा असा.

त्यानं काय नाही केलं! तिपाईच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. नळीतल्या गरम हवेनं चित्र हलतं म्हणून दुर्बीण दिवस मावळायच्या आधीच टोपण काढून गच्चीवर निवत ठेवू लागला. भिंग पुसलं की कापड चिकट व्हायचं. "शहर आहे का धुराडं!" म्हणून चरफडायचा.

सोमवारी तो वैतागून दुर्बीण कोठी बाजारातल्या एका चष्मेवाल्याकडे घेऊन गेला. चष्मेवाल्यानं दुकानाच्या दारातून लांबवर पाहिलं.

"शीशा तो भोत उम्दा है साब. घंटाघर के कांटे तक दिखरे. आपके घरकीच हवा खराब है."

घरचीच हवा! आता घर कुठं नेऊन ठेवायचं? सुधीरला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मग आला तो शेवटचा शनिवार. पुढच्या आठवड्यापासून शनिवारीही कामावर बोलावलं होतं. दुर्बीण निवत ठेवून तो आंघोळीसाठी खाली आला.

"आई, आज नाही दिसला तर देऊन टाकतो कुणालातरी. नशिबातच नाही माझ्या."

"दिसंल की रे. जा, गरम पाणी काढलंय."

न्हाणीघराचं दार लागलं, तशा मालनबाई पदराआड वाटी घेऊन एकेक पायरी चढत गच्चीवर आल्या. त्या काळ्या नळीपुढे त्यांनी हात जोडले.

"महाराज, देवळापर्यंत चालवत नाही, इथंच गोड मानून घ्या. माझं लेकरू लई कष्टी झालंय. आज तरी त्याला नीट दिसा," असं म्हणून त्यांनी वाटीत बोटं बुडवली, आणि दर शनिवारपेक्षा जरा जास्तच तेल भिंगाला चोळलं.